सीडी लागत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

लग्नाच्या डीव्हीडी, आजोबांच्या आवाजाची सीडी, वाचनालयाने स्कॅन करून ठेवलेले जुने अंक, एखाद्या नाटकाची व्हीसीडी. हा ऐवज आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आणि संस्थांत अजून कपाटात पडून आहे. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते. मग माळ्यावरचा जुना संगणक खाली येतो, त्यावर लिनक्स टाकलं जातं, किंवा यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह विकत आणला जातो. डिस्क आत जाते, थोडी घरघर होते आणि पडद्यावर काहीच येत नाही. ‘सीडी लागत नाही’ असं म्हणून जो तो मोकळा होतो आणि उपायही ठरलेला असतो: ड्रायव्हर टाका, नाहीतर सगळं फॉरमॅट मारा.

लिनक्सवर या उपायाने सहसा काही साधत नाही. ऑप्टिकल ड्राइव्हसाठी कंपनीचा वेगळा ड्रायव्हर इथे लागतच नाही. पण यंत्रणेतला प्रत्येक थर आपल्याला काय दिसलं आणि काय अडलं हे लिहून ठेवत असतो, आणि ते वाचलं तर बिघाड बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडतो. तो सापडण्याआधी ड्राइव्ह भंगारात टाकला किंवा डिस्क फेकून दिली, तर त्यावरचं जे जातं ते बाजारात पुन्हा मिळत नाही. म्हणून हा विषय मला तातडीचा वाटतो.

वेगळा ड्रायव्हर का लागत नाही, याला इतिहास आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सीडी-रॉम ड्राइव्ह बहुधा साउंड कार्डाला जोडलेला असे आणि प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी असे. मित्सुमीचा ड्रायव्हर वेगळा, सोनीचा वेगळा, साउंड ब्लास्टर कार्डाबरोबर येणाऱ्या पॅनासॉनिकच्या ड्राइव्हचा वेगळा. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या प्रत्येकासाठी कुणीतरी रात्री जागून लिहिलेला कोड होता. पुढे अटापी नावाची पद्धत आली. हार्ड डिस्कच्या साध्या केबलवरून स्कझी या दुसऱ्या जोडणीच्या आज्ञा पाठवायच्या, असं तिचं थोडक्यात स्वरूप. त्यानंतर जवळजवळ सगळे ड्राइव्ह एकाच आज्ञासंचाला उत्तर देऊ लागले. सॅटा आलं, यूएसबी आलं, तरी आत आज्ञा त्याच राहिल्या. जानेवारी २००८मध्ये आलेल्या २.६.२४ कर्नलमधून ते जुने सुटे ड्रायव्हर काढून टाकले गेले. त्यातले बरेचसे आधीच बंद पडले होते आणि कुणाची तक्रारही आली नव्हती. आज एसआर नावाचा एकच ड्रायव्हर जगातला जवळजवळ प्रत्येक सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे ड्राइव्ह चालवतो. पहिला ड्राइव्ह एसआर०, दुसरा एसआर१.

म्हणून सर्वात आधी पाहायचं ते हे, की कर्नलला ड्राइव्ह दिसला का. टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ ही कमांड द्यावी. काही वितरणांत त्यासाठी आधी सुडो लावावं लागतं. कर्नलची दैनंदिनीच समोर येते. ड्राइव्ह दिसला असेल तर एसआर०च्या नावाने एक ओळ सापडते. तिच्यात वाचण्याचा वेग, ड्राइव्ह राइटर आहे की नाही आणि त्याला ट्रे आहे का, एवढं सगळं असतं. ही ओळ असेल तर ड्रायव्हरचा प्रश्न बव्हंशी मिटला.

ओळच नसेल तर आधी हात केबलकडे जायला हवा. टेबलावरच्या संगणकात डेटाची आणि विजेची अशा दोन वेगळ्या केबल असतात आणि ट्रे उघडतो म्हणजे केवळ वीज पोचते आहे, एवढंच सिद्ध होतं. यूएसबी ड्राइव्हचं दुखणं बहुतेक वेळा विजेचं असतं. यूएसबी २च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३च्या पोर्टने ९००. थांबलेली डिस्क फिरवायला सुरुवात करताना मोटर क्षणभर याहून जास्त मागू शकते. मग ड्राइव्ह दिसतो, डिस्क फिरू लागते आणि दैनंदिनीत ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ असं येऊन लगेच नव्या क्रमांकाने तोच ड्राइव्ह पुन्हा दिसतो. हे चक्र दिसलं की दोन पोर्टांतून वीज घेणारी वाय केबल वापरावी किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. अनेकांना ड्रायव्हरचा बिघाड वाटतो तो हाच.

ड्रायव्हर खरोखरच नसण्याचेही काही प्रसंग असतात. आर्च लिनक्ससारख्या वितरणात कर्नल अपडेट केला पण संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर चालू असलेल्या जुन्या कर्नलची मॉड्यूल डिस्कवरून निघून गेलेली असतात. त्यानंतर यूएसबी ड्राइव्ह जोडला की कर्नल एसआर मॉड्यूल शोधतो आणि ते सापडत नाही. कधी ड्राइव्ह दिसतो, पण डीव्हीडीची यूडीएफ फाइलप्रणाली ‘अननोन’ म्हणून नाकारली जाते. संगणक एकदा रीस्टार्ट करणं एवढाच उपाय. फ्रीबीएसडीवर जुन्या मार्गदर्शिका वाचणारे असेच फसतात. तिथे पूर्वी अटापी ड्राइव्हला एसीडी० म्हणत. २०१२च्या जानेवारीत आलेल्या ९.० आवृत्तीपासून तो सीडी० झाला आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला ड्राइव्ह नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

आता ड्राइव्ह दिसतो, पण डिस्क वाचली जात नाही, हा प्रकार. दैनंदिनीतला सर्वात उपयोगी भाग इथेच आहे. ड्राइव्हला एखादी आज्ञा पाळता आली नाही, तर तो कारणासकट उत्तर पाठवतो. त्याला सेन्स की म्हणतात. ‘नॉट रेडी’ आलं तर डिस्क नीट बसलेली नाही, किंवा ड्राइव्हला आत डिस्क आहे हेच कळलेलं नाही. ‘हार्डवेअर एरर’ म्हणजे ड्राइव्ह स्वतःच आजारी. ‘मीडियम एरर’ म्हणजे ड्राइव्ह काम करतो आहे, पण डिस्कचा अमुक भाग त्याला उलगडत नाही. आणि ‘इल्लीगल रिक्वेस्ट’ म्हणजे ड्राइव्ह ठीक, डिस्कही ठीक, मागणीच त्या डिस्कला लागू होणारी नाही. चार उत्तरं, चार निराळे मार्ग.

मीडियम एररचं उदाहरण जरा जवळून पाहू. समजा, ७०० एमबीची सीडी आहे आणि ओळीत लिहिलंय की सेक्टर १३८७५२० वाचता आला नाही. कर्नल इथे ५१२ बाइटचे सेक्टर मोजतो आणि सीडीवरच्या डेटाचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो, म्हणून चारने भागायचं. उत्तर ३४६८८०. सीडीवर सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे ८० मिनिटांच्या सीडीवर एकूण ३,६०,०००. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. तेव्हा आपला अडलेला सेक्टर डेटाच्या बाहेरच्या कडेपासून जेमतेम मिलिमीटरभर आत आहे. डिस्क हातात धरताना बोटं लागतात ती इथेच. शिवाय पूर्ण वेगाने फिरताना थोडी वाकलेली डिस्क सर्वात जास्त हलते तीही कडेलाच. डिस्क पुसून आणि ड्राइव्हचा वेग कमी करून पुन्हा वाचली, तर असा सेक्टर अनेकदा मिळतो. वेग कमी करायला ‘इजेक्ट’ या कमांडला एक्स हा पर्याय देऊन ४ किंवा ८ आकडा द्यावा. कर्नलच्या एका ओळीतून बोटाचा ठसा कुठे पडलाय ते कळतं, ही मला या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

पुसायचं ते मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल अजिबात नाही. सीडीच्या चूकदुरुस्तीच्या गणितात सलग सुमारे ४००० बिट, म्हणजे मार्गावरचे अडीचेक मिलिमीटर, पूर्ण गेले तरी भरून काढता येतात. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याला थोडासाच छेदतो. गोल ओरखडा मात्र एकाच फेऱ्यावर लांबवर चालत राहतो आणि तिथे गणित हरतं. सीडीची छापील बाजूही जपायला हवी, किंबहुना तीच जास्त. चकाकणारा थर त्या बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

आणखी एक खूण. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एकाच ड्राइव्हमध्ये हे दोन्ही असतात. त्यामुळे डीव्हीडी सगळ्या लागतात आणि सीडी एकही लागत नाही, किंवा याच्या उलट, असं झालं तर एक लेझर थकलाय. तिथे कोणताही ड्रायव्हर काही करू शकणार नाही.

‘इल्लीगल रिक्वेस्ट’चा प्रांत मराठी घरांसाठी सर्वात महत्त्वाचा, कारण आपल्याकडच्या व्हीसीडी. २०००नंतरच्या दशकात मराठी नाटकं आणि चित्रपट घरोघरी पोचले ते बरेचसे व्हीसीडीवर. एकेका नाटकाच्या दोन-तीन डिस्क. १९९३मध्ये ठरलेल्या या पद्धतीत चित्रफीत ज्या सेक्टरांत असते, त्यांत चूकदुरुस्तीची जादा माहिती काढून टाकून २०४८च्या जागी २३२४ बाइट भरलेले असतात. चित्रात एखादा ठिपका बिघडला तरी चालतं, असा हिशेब त्यामागे होता. लिनक्सवर व्हीसीडी माउंट होते, आत फोल्डर दिसतात, मोठी डॅट फाइलही दिसते. ती कॉपी करायला गेलं की ‘इनपुट आउटपुट एरर’. दैनंदिनीत मात्र मीडियम एरर नसतो, ‘इल्लीगल मोड फॉर धिस ट्रॅक’ असतं. म्हणजे फाइल वाचायची पद्धत या ट्रॅकला लागू नाही. डिस्क खराब आहे असं समजून किती नाटकं कचऱ्यात गेली असतील, या विचाराने वाईट वाटतं. व्हीसीडी-इमेजर या संचातला ‘व्हीसीडीएक्सरिप’ हा प्रोग्राम ट्रॅक योग्य पद्धतीने वाचतो आणि सरळ एम्पेग फाइल काढून देतो. एम-प्लेयरला व्हीसीडीचा दुसरा ट्रॅक लाव असं सांगितलं, तर नाटक थेट चालूही होतं.

गाण्यांच्या सीडीचंही असंच. तिच्यावर फाइलप्रणालीच नसते, नुसता आवाज असतो. त्यामुळे तिला माउंट करायला गेलं की नकार येणारच. ‘सीडीपॅरानोया’ हा प्रोग्राम ती ट्रॅकवार काढतो. शंकास्पद जागा तो पुन्हा पुन्हा वाचून पडताळतो, म्हणून वेळ लागतो. लागू द्यावा.

डीव्हीडीचा नकार आणखी वेगळा. चित्रपटाच्या बऱ्याच डीव्हीडी कुलूपबंद असतात आणि किल्ली ड्राइव्हमार्फत घ्यावी लागते. ती न घेता वाचायला गेलं, की इल्लीगल रिक्वेस्टबरोबर ‘रीड ऑफ स्क्रॅम्बल्ड सेक्टर विदाउट ऑथेंटिकेशन’ असं लांबलचक उत्तर येतं. लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी नसल्याची ही खूण. ती बसवूनही अडलं तर रिजन पाहावा. भारत रिजन ५मध्ये, अमेरिका १मध्ये. २०००पासूनच्या ड्राइव्हमध्ये रिजन ड्राइव्हच्या आतच साठवलेला असतो आणि तो पाचदाच बदलता येतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली डीव्हीडी इथे लागत नाही आणि इथली तिकडे लागत नाही, याच्या मुळाशी बहुधा हेच असतं. ‘रिजनसेट’ने सध्याचा रिजन आणि उरलेल्या संधी दोन्ही दिसतात. बदलण्याआधी उरलेला आकडा नीट पाहून घ्यावा. शेवटच्या बदलानंतर ड्राइव्ह त्याच रिजनमध्ये कायमचा अडकतो.

ड्राइव्ह आणि ड्रायव्हर यांचं बोलणं फिसकटलं तर काय होऊ शकतं, याचं सर्वात भयंकर उदाहरण ऑक्टोबर २००३मधलं. मँड्रेक लिनक्सची ९.२ आवृत्ती बाहेर आली आणि ती टाकताना लोकांचे एलजी कंपनीचे सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे बंद पडू लागले. मँड्रेकने आपल्या कर्नलमध्ये सीडीवर पाकिटांनी लिहिण्याची सोय जोडली होती. त्या कोडमधून ड्राइव्हला ‘कॅश रिकामी कर’ अशी आज्ञा जात होती. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हकडे लिहायचं काही शिल्लक नसतंच, तेव्हा त्याने ही आज्ञा नाकारायला हवी होती. एलजीच्या काही मॉडेलांत मात्र तोच आज्ञा-क्रमांक नवा फर्मवेअर भरण्यासाठी वापरलेला होता. कर्नल कॅश रिकामी करायला सांगत होता आणि ड्राइव्ह स्वतःचा प्रोग्राम पुसत होता. मँड्रेकने दुरुस्त कर्नल काढला, एलजीने फर्मवेअर पुन्हा भरण्याचा मार्ग दिला. माझ्या मते मूळ दोष ड्राइव्हचा. प्रमाणित आज्ञेला स्वतःचा खासगी अर्थ देण्याचा अधिकार कुठल्याच यंत्राला नसावा.

या प्रकरणानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच ऑगस्ट २००४च्या २.६.८ कर्नलने साध्या वापरकर्त्याकडून ड्राइव्हला जाणाऱ्या आज्ञांवर चाळणी बसवली. त्याआधी ज्याला ड्राइव्ह वाचायची परवानगी आहे, तो फर्मवेअर उडवणारी आज्ञाही पाठवू शकत होता. चाळणी सुरुवातीला फार बारीक झाली आणि लोकांच्या सीडी जळेनाशा झाल्या. पुढच्या आवृत्त्यांत ती सैल केली गेली. परवानगीचा प्रश्न आजही येतो. डेबियनवर वापरकर्ता ‘सीडीरॉम’ गटात हवा, आर्चवर ‘ऑप्टिकल’ गटात. पडद्यासमोर बसून लॉगिन केलेल्याला यंत्रणा ही परवानगी आपोआप देते. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आलेल्याला देत नाही. म्हणून रूट होऊन सगळं चालतं आणि एरवी नाही असं दिसलं, तर ड्राइव्ह उघडण्याआधी गट तपासावा.

काही ड्राइव्ह तर मुद्दाम गप्प बसतात. २००८मध्ये मॅकबुक एअरसोबत आलेला ॲपलचा सुपरड्राइव्ह लिनक्सवर जोडला तर दिसतो, पण डिस्क आत घेतच नाही. त्याला सात बाइटची एक आज्ञा लागते: ईए, मग पाच शून्यं, शेवटी एक. ‘एसजी-रॉ’ने ती पाठवली की तो मुकाट कामाला लागतो. उलटा प्रकार आपल्याकडच्या इंटरनेटच्या डोंगलचा. हुआवे, झेडटीई यांसारख्या कंपन्यांचे अनेक डोंगल जोडल्याबरोबर सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेत. त्या खोट्या सीडीत विंडोजचे ड्रायव्हर असत. लिनक्सवर नसलेला एसआर१ अचानक उगवतो आणि मोडेम कुठेच नाही, हे त्यामुळे. ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्राम ती खोटी सीडी बाहेर काढतो आणि मोडेम समोर येतो.

खराब डिस्क घातल्यावर सगळा संगणक खिळून बसला, तर घाबरू नये. ड्राइव्ह तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत असतो, कर्नल त्याची वाट पाहत असतो आणि तेवढा वेळ तो प्रोग्राम किल करूनही मरत नाही. बटण दाबूनही ट्रे उघडत नाही, कारण माउंट असताना कर्नल ट्रेला कुलूप घालतो. संगणक बंद करावा आणि ट्रेवरच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची पिन घालून हलकेच दाबावी.

महत्त्वाची डिस्क फाइल मॅनेजरमधून ओढून कॉपी करू नये. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रतिमा काढावी. व्हीसीडी आणि गाण्यांची सीडी तेवढी वगळून, त्यांचा मार्ग वर सांगितलाच आहे. सेक्टरचा आकार २०४८ द्यावा आणि मॅपफाइल न विसरता ठेवावी. पहिल्या फेरीत तो सहज मिळेल तेवढं उचलतो आणि अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये नोंदतो, मग त्यांच्याकडे परत येतो. खरी ताकद पुढे आहे. तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅपफाइल दिली, तर तो फक्त राहिलेले सेक्टर मागतो. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला अनेकदा दिसतं. शेजाऱ्याचा, शाळेचा, दुकानातला, मिळेल तो ड्राइव्ह लावून पाहावा.

घरी जाळलेल्या सीडीच्या अगदी शेवटचे दोनच सेक्टर हट्टाने येत नसतील, तर त्यांच्यामागे लागू नये. एकेक ट्रॅक लिहिण्याच्या पद्धतीत शेवटी दोन भरतीचे सेक्टर राहतात आणि त्यांत डेटा नसतोच. ‘आयएसओसाइझ’ या कमांडने फाइलप्रणालीची खरी लांबी कळते, तेवढी मिळाली की प्रतिमा पुरी झाली.

प्रतिमा माउंट केल्यावर देवनागरीत नावं दिलेल्या फाइलींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तरी नावं शाबूत असू शकतात. विंडोजवर जाळलेल्या बऱ्याच सीडींत ती जोलिएट पद्धतीने युनिकोडमध्येच लिहिलेली असतात. माउंट करताना ‘आयओ-कॅरसेट’ या पर्यायाला यूटीएफ-८ द्यावं. ‘आजी_ओव्या_१’ ही फाइल मग त्याच नावाने समोर येते.